बीटा ८६ आला, टिकेल का?

पत्र थोडं कापून देतेय (बीटा म्हणजे प्रेग्नन्सी राहिली का ते सांगणारी रक्ताची टेस्ट, ट्रान्सफर म्हणजे लॅबमध्ये तयार केलेला एम्ब्रियो गर्भाशयात ठेवणं, आणि पाच-सहा दिवसांच्या एम्ब्रियोला ब्लास्टोसिस्ट म्हणतात):

"ताई, मी ३४ वर्षांची आहे, आयव्हीएफ चालू आहे, हे दुसरं ट्रान्सफर. पाचव्या दिवसाचा फ्रोझन ब्लास्टोसिस्ट ठेवला. ट्रान्सफरनंतर दहाव्या दिवशी संध्याकाळी ६ ला ब्लड दिलं, बीटा ८६ आला. पॉझिटिव्ह आहे म्हणून फोन आला, दोघंही रडलो. बाराव्या दिवशी सकाळी ८ ला परत दिलं तर १४२. म्हणजे डबल झालंच नाही. ॲपमध्ये टाकलं तर 'स्लो' असं लाल अक्षरात आलं. माझ्या जावेचा पहिलाच बीटा ४१२ होता. माझं प्रोजेस्टेरॉन पण फक्त ११ आहे. डॉक्टर म्हणाल्या ठीक आहे, दोन दिवसांनी अजून एक करू मग सोनोग्राफी. पण ठीक म्हणजे किती ठीक? रोज टेस्ट केली तर लवकर कळेल का? आणि खरं सांगा, हे टिकणार का?"

ताई म्हणालीस म्हणून मी पण अगंतुगंच करते हं, चालेल ना.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, नाहीतर बाकीचं वाचताना तू तेच शोधत बसशील. टिकेल की नाही हे ८६ वरून सांगता येत नाही. मला नाही, तुझ्या डॉक्टरांना नाही आणि त्या ॲपला तर अजिबातच नाही. आकडा थोडा खालच्या बाजूचा आहे, हे मी लपवणार नाही, कारण तू खरं सांगा असं लिहिलंयस. पण वाढ चांगली आहे, तुला वाटतेय त्यापेक्षा बरीच चांगली, आणि ती का चांगली आहे याचं उत्तर तुझ्याच पत्रात पडलंय, तू लिहिलंस पण मोजलं नाहीस.

पहिलं ब्लड संध्याकाळी ६ ला, दुसरं सकाळी ८ ला. दहावा आणि बारावा दिवस म्हटलं की आपण सरळ ४८ तास धरतो, ॲपने पण तेच धरलं. खरं अंतर आहे ३८ तास. ८६ चे १४२ म्हणजे ६५ टक्के वाढ, ती ३८ तासांत झालीय. त्याच वेगाने ४८ तास मोजले तर आकडा १६२ च्या आसपास जातो, म्हणजे ८८ टक्के वाढ. डबलिंग टाइम, म्हणजे आकडा दुप्पट व्हायला लागणारा वेळ, येतो साधारण साडेबावन्न तास. आता तूच सांग यात लाल अक्षरांसारखं काय आहे? दहा तासांचा घोळ आणि तू त्यावर रात्रभर जागलीस.

आणि 'डबल व्हायलाच हवं' हे पण जरा जुनं झालंय. ४८ तासांत निदान ६६ टक्के वाढायला हवं हा नियम १९८१ च्या एका अभ्यासातून आला, तो अगदी थोड्या बायकांवर केलेला होता आणि त्यातच हे गृहीत होतं की चांगल्या चाललेल्या प्रेग्नन्सींपैकी १५ टक्के या रेषेच्या खालीच राहणार. पुढे मोठे अभ्यास झाले, २००४ मध्ये ती खालची मर्यादा ५३ टक्क्यांवर आली, आणि अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नंतर जी मर्यादा दिली ती अजून सैल आहे, सुरुवातीचा आकडा १५०० च्या खाली असेल तर ४८ तासांत ४९ टक्के, १५०० ते ३००० मध्ये ४० टक्के आणि ३००० च्या वर ३३ टक्के. हे किमान आहे, सरासरी नाही. याच्यापेक्षा हळू वाढलं तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात, एवढाच त्याचा अर्थ. तुझी ८८ टक्के त्याच्या पुष्कळ वर आहे. तुझं ॲप बहुतेक अजून ६६ लाच चिकटून असेल आणि तू ६५ वर होतीस. एका टक्क्याने नापास केलं बघ तुला, ते पण चुकीच्या तासांवर!

आता ८६ कमी का, याचं बघू. बीटा म्हणजे एचसीजी नावाचं हार्मोन, आणि ते तुझ्या शरीराचं नसतं, एम्ब्रियोच्या बाहेरच्या थरातल्या पेशी ते बनवतात, ज्या पेशींची पुढे नाळ होते. म्हणजे एम्ब्रियो रुजायला लागला, आईच्या रक्ताशी संबंध आला की मगच ते तुझ्या रक्तात सापडतं. एचसीजीचे दोन भाग असतात, त्यातला अल्फा भाग एलएच, एफएसएच, थायरॉइडचं टीएसएच या दुसऱ्या हार्मोन्समध्येपण तसाच असतो, म्हणून पूर्वीच्या टेस्टमध्ये गोंधळ व्हायचा. १९७२ मध्ये ज्युडिथ व्हायटुकायटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त बीटा भाग ओळखणारी टेस्ट काढली, तेव्हापासून आपण सगळे बीटा बीटा करतोय. ही झाली आपली सहज माहिती.

मुद्दा असा की सुरुवातीच्या दिवसांत हा आकडा दीड-दोन दिवसांत दुप्पट होत असतो, त्यामुळे दोन अगदी सारखे एम्ब्रियो, एक जरा आधी रुजला आणि दुसरा दीड दिवस उशिरा, तर एकाच दिवशी टेस्ट केली तरी दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या जवळपास निम्मा येणार. त्यात वजन, लॅबची पद्धत, ट्रान्सफरच्या वेळी ब्लास्टोसिस्ट किती फुगलेला होता, हे सगळं मिसळतं. एकदा घेतलेल्या आकड्यात हे सगळं एकत्र असतं आणि वेगळं काढता येत नाही.

पण उशिरा रुजणं म्हणजे काहीच नाही असंही नाही, अर्धंच सांगितलं तर तू नंतर कुठेतरी वाचशील आणि माझ्यावर चिडशील. १९९९ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, नैसर्गिकरीत्या राहिलेल्या प्रेग्नन्सींवरचा. ओव्ह्युलेशननंतर नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के अगदी लवकर थांबल्या, दहाव्या दिवशी रुजलेल्यांत २६ टक्के, अकराव्या दिवशी ५२ आणि त्याच्या पुढे ८२. म्हणजे पहिला आकडा आणि पुढचं काही संबंधच नाही असं नाहीये, म्हणून तर क्लिनिक तो मोजतात. गटाने बघितलं तर ज्यांचा पहिला बीटा वरचा त्यांची बाळं जास्त प्रमाणात जन्माला येतात, हे खूप ठिकाणी दिसलंय. गाडी अडते ती एका बाईपाशी आल्यावर. ज्यांचं टिकलं त्यांचे आकडे आणि ज्यांचं नाही टिकलं त्यांचे आकडे हे दोन ढीग मधल्या भागात एकमेकांवर चढलेले असतात, आणि ८६ बरोब्बर त्या मधल्या भागात आहे. अभ्यासवाले कुठेतरी एक रेष मारतात, याच्या वर चांगलं, याच्या खाली काळजी, आणि रेष कुठेही मारली तरी दोन्हीकडे चुकीची माणसं सापडतातच, वर असून थांबलेली आणि खाली असून नऊ महिने पूर्ण झालेली. शिवाय प्रत्येक ठिकाणची रेष वेगळी, कुणी नवव्या दिवशी टेस्ट करतं, कुणी चौदाव्या, कुणाच्या पेशंट तिसऱ्या दिवसाच्या एम्ब्रियोवाल्या, कुणाच्या पाचव्या. दुसऱ्या सेंटरची रेष आपल्या रिपोर्टवर ठेवून बघायचीच नसते.

जावेचं पण तसंच झालंय बघ. तिला विचार, ४१२ कितव्या दिवशी आला होता? खूप ठिकाणी पहिली टेस्टच चौदाव्या दिवशी करतात. तू आत्ताच्याच वेगाने चौदाव्या संध्याकाळपर्यंत गेलीस तर तुझाही आकडा ३०० च्या घरात असेल, आणि तुझा पहिला बीटा ३०० असंच सगळ्यांना सांगितलं गेलं असतं. तिचा एम्ब्रियो तिसऱ्या दिवसाचा होता की पाचव्या हेही विचार, कारण ट्रान्सफरपासून दिवस मोजले तर तिथेच दोन दिवसांचा फरक पडतो. खरं मोजायचं ते एग पिक-अपच्या म्हणजे फर्टिलायझेशनच्या दिवसापासून, एम्ब्रियो जेवढ्या दिवसांचा फ्रीज केला ते दिवस धरून. तुझे पाच अधिक बारा, सतरा झाले, त्यात १४ मिळवायचे, म्हणजे प्रेग्नन्सीच्या भाषेत तू आज चार आठवडे तीन दिवस आहेस. जावेला हे चौकशीच्या सुरात विचारू नकोस म्हणजे झालं, घरात उगाच नवीन विषय नको.

आकडा मोठा म्हणजे जुळं, हे पण कुणीतरी सांगेलच तुला. जुळ्यांत सरासरी जास्त असते, हो, पण एकाच बाळाचे आकडेही तिथपर्यंत जातात, किती आहेत ते सोनोग्राफीतच दिसतं.

मग हे बीटा करतात कशाला, असं तू म्हणशील. माझं स्पष्ट मत आहे की बीटाचा खरा उपयोग भविष्य सांगायला नाहीच, पुढचं पाऊल ठरवायला आहे, आणि सगळ्यात जास्त नळीतली प्रेग्नन्सी वेळेत पकडायला आहे. एम्ब्रियो गर्भाशयात ठेवला तरी तो सरकून नळीत रुजू शकतो, प्रमाण कमी आहे पण होतं. तिथे आकडा बऱ्याचदा रेंगाळतो, धड वाढत नाही धड उतरत नाही. आणि साधारण पाचातल्या एका केसमध्ये तो अगदी नॉर्मलसारखा वाढतो, म्हणून बीटा छान वाढतोय म्हणजे जागा बरोबर आहे असं कुणीच गृहीत धरत नाही. त्यामुळे सोनोग्राफीत सॅक, म्हणजे गर्भाची पिशवी, गर्भाशयात दिसेपर्यंत तुला हे लक्षात ठेवायचंय: पोटात एका बाजूला टिकून राहणारं किंवा वाढत जाणारं दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, जास्त ब्लीडिंग, यातलं काहीही झालं तर पुढच्या टेस्टची वाट बघायची नाही, रात्र असली तरी फोन करायचा आणि जायचं. थोडं तपकिरी स्पॉटिंग खूप जणींना होतं, त्याने घाबरू नकोस पण क्लिनिकला कळव.

आता प्रोजेस्टेरॉन ११, म्हणजे प्रेग्नन्सी टिकवून ठेवायला लागणारं हार्मोन. तू ते औषध कशातून घेतेस ते लिहिलं नाहीस, पण फ्रोझन ट्रान्सफर आहे तर बहुतेक योनीमार्गातून असेल. तिथून औषध थेट गर्भाशयाकडे जास्त जातं आणि रक्तात त्या मानाने कमी दिसतं, त्यामुळे रक्तातला ११ हा आकडा इंजेक्शन घेणाऱ्या बाईच्या आकड्याशी लावायचा नाही. आणि नैसर्गिक प्रेग्नन्सीतल्या रेंजशी पण नाही, तिथे ओव्हरीतला कॉर्पस ल्युटियम (बीज सुटल्यावर तिथे उरणारा भाग) स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवत असतो. तुझी सायकल गोळ्यांवर तयार केलेली असेल तर तो तुझ्यात नाहीच, सगळा भार औषधावर आहे, नाळ स्वतः पुरेसं बनवायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यापर्यंत, आणि डॉक्टर सुरक्षित म्हणून त्याच्याही पुढे चालू ठेवतात. अशा सायकलमध्ये रक्तातलं प्रोजेस्टेरॉन १० च्या खाली असेल तर निकाल जरा कमी येतात असं काही अभ्यासांत दिसलंय, म्हणून काही डॉक्टर डोस वाढवतात किंवा इंजेक्शन जोडतात. तू त्यांना सरळ विचार की ११ ला काही बदलायचंय का. फक्त दोन गोष्टी स्वतःच्या मनाने करायच्या नाहीत, एक म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून डोस वाढवणं आणि दुसरं, जे जास्त धोक्याचं, आकडा कमी आलाय, संपलंच आता, असं समजून औषध बंद करणं. हे दुसरं खरंच होतं बरं का, लोक निराशेत बंद करून टाकतात.

रोज टेस्ट? नको गं. एकच सॅम्पल दोनदा मोजलं तरी लॅबमध्ये थोडा फरक येतो, आणि दोन वेगळ्या लॅबच्या किट वेगळ्या असतील तर आकडे चांगलेच पुढे-मागे होतात. एका दिवसाच्या वाढीत हा फरक मिसळला की तुला हळू वाटणार, दुसऱ्या दिवशी जोरात वाटणार, आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसणार. ४८ तासांचं अंतर उगाच नाही ठरवलेलं. घरच्या स्ट्रिपवर रेषेचा रंग गडद होतोय का बघणं पण बंद कर, लघवी किती पातळ आहे त्यावर रंग बदलतो, ती स्ट्रिप हो की नाही एवढंच सांगायला बनवलेली आहे.

(बाकी वाचणाऱ्यांसाठी मध्येच एक सांगते: ज्यांना बीज पक्व होऊन सुटावं म्हणून एचसीजीचं ट्रिगर इंजेक्शन दिलेलं असतं, ५००० किंवा १०००० युनिटचं, त्यांच्या रक्तात ते १०-१४ दिवससुद्धा राहू शकतं, त्यामुळे फार लवकर टेस्ट केली तर प्रेग्नन्सी नसतानाही पॉझिटिव्ह दिसू शकतं. आणि बीटा ५ च्या खाली म्हणजे नाही, २५ च्या वर म्हणजे पॉझिटिव्ह, मधलं धूसर, परत बघायचं, अशी साधारण पद्धत असते. केस-नखांसाठी बायोटिनचा मोठा डोस घेणाऱ्यांनीही लॅबमध्ये आधी सांगा, काही किटमध्ये त्याने रिपोर्ट चुकतो.)

तर तुझं पुढचं असं. तिसरी टेस्ट चौदाव्या दिवशी सकाळी ८ लाच दे, त्याच लॅबमध्ये, म्हणजे या वेळी खरोखरचे ४८ तास होतील. २१२ ला ४९ टक्के होतात. त्याच्या वर आलं तर वाढ स्वीकारण्यासारखी आहे, आत्ताचाच वेग राहिला तर २६५-२७० च्या आसपास यायला हवं. २१२ च्या खाली आलं तर लगेच संपलं असं नाही, अजून एक टेस्ट होईल, कदाचित सोनोग्राफी लवकर होईल, डॉक्टर नळीकडे जास्त लक्ष देतील. आकडा उतरला तर मात्र ती केमिकल प्रेग्नन्सी, म्हणजे सोनोग्राफीत दिसण्याआधीच थांबलेली, असू शकते. तेही मोकळेपणाने लिहिते कारण हा विचार तुझ्या डोक्यात येऊन गेलाच असणार. तसं झालं तर शून्यावर येईपर्यंत बीटा तपासायला जायचंच, मध्येच सोडायचं नाही, आणि औषधं कधी थांबवायची ते क्लिनिकच सांगेल. बऱ्याच वेळा कारण एम्ब्रियोच्या गुणसूत्रांत असतं, तू जिना चढलीस किंवा ऑफिसला गेलीस त्यात नसतं. पडून राहण्याने बीटा वाढतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे पलंगावर पडून छताकडे बघत बसायची शिक्षा स्वतःला देऊ नकोस. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

तिसरा आकडा चांगला आला की नंतर बीटाचा पाठलाग सोडून दे. जसजसा तो हजारांत जातो तसा वेग आपोआप मंदावतो, आठव्या ते अकराव्या आठवड्यात कधीतरी सगळ्यात वर पोचतो आणि मग उतरायला लागतो, अगदी व्यवस्थित प्रेग्नन्सीत सुद्धा, त्यामुळे तेव्हा मोजून फक्त जीव घाबरतो. तिथून पुढे सोनोग्राफीचं ऐकायचं. पाचव्या आठवड्याच्या सुमारास सॅक, साडेपाचच्या आसपास योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी), सहा ते साडेसहाला हार्टबीट, असा साधारण क्रम. आजपासून दोन आठवड्यांनी तू सहा आठवडे तीन दिवस असशील, स्कॅन त्याच सुमारास ठेवा असं डॉक्टरांना म्हण. नळीचा काही संशय असेल तर त्या आधीच बोलावतील, तेव्हा जायचं, पण फक्त उत्सुकता म्हणून पाचव्या आठवड्यात स्कॅन करून घेतलास तर नुसती सॅक दिसेल आणि तू बाळ का दिसत नाही म्हणून परत ॲप उघडशील.

आणि पहिल्या स्कॅनला हार्टबीट नाही दिसला तर तिथल्या तिथे कुणी काही ठरवत असेल तर आठवड्याने परत बघूया असं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. २०१३ मध्ये रेडिओलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी मिळून यासाठी मुद्दाम कडक निकष केले, गर्भ ७ मिलिमीटरचा होऊनही ठोका नाही, किंवा सॅक सरासरी २५ मिलिमीटरची होऊनही आत गर्भ नाही, तरच एका स्कॅनवर नाही म्हणायचं. त्याच्या अलीकडे असेल तर थांबायचं. नवऱ्याला सोबत ने, मापं त्याला लिहून घ्यायला सांग, तुझं लक्ष तेव्हा आकड्यांकडे नसणार. तिसरा रिपोर्ट आला की मला कळव, तास मोजून!